समुद्र घरी आणण्याचा प्रश्न

दिवाळी आटोपली की, आणि पुन्हा एप्रिल-मे महिन्यांत, कोल्हापुरातून निघणाऱ्या मोटारींची तोंडे पश्चिमेकडे वळतात. कोणी गगनबावड्याहून करूळचा घाट उतरतो, कोणी राधानगरीवरून फोंडा घाटाने कणकवली गाठतो, कोणी आंबा घाटाने गणपतीपुळ्यास जातो, तर आजऱ्याहून आंबोलीमार्गे वेंगुर्ले आणि पुढे गोवा जवळ करणारेही पुष्कळ असतात. तारकर्लीस किंवा देवबागेत दोन रात्री काढून ही मंडळी परततात तेव्हा त्यांच्या पिशव्यांत आमसुले, काजूगर, फणसपोळी, मालवणी खाजा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे असतात. यात नवे काही नाही. नवी आहे ती समुद्रकाठची ‘हवा’च घरी घेऊन येण्याची हौस. दिवाणखान्याची एक भिंत निळी रंगविली जाते, शिंपल्यांच्या चौकटीचा आरसा टांगला जातो, काचेच्या बरणीत वाळू भरून ती टीव्हीशेजारी मांडली जाते आणि रात्री झोपताना मोबाइलवर लाटांचा आवाज लावून ठेवला जातो. हे सारे पुरविणारी दुकाने आता कोल्हापुरातही आहेत, आणि दुकानात नसेल ते घरपोच येते.

या हौसेची टवाळी करणे सोपे आहे. पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळींना ते फार लवकर सुचते आणि नेमके तेच टाळावयास हवे. सुट्टीहून परतलेला माणूस जेव्हा बरणीतली वाळू दिवाणखान्यात मांडतो, तेव्हा तिकडे त्याला असे काहीतरी मिळाले होते की जे इथे मिळत नाही, हे तो आपल्या परीने कबूल करीत असतो. ते काय होते हे त्याला नीट सांगता येत नाही, आणि बाजार त्याच्या या अडचणीचाच फायदा घेतो. ज्या गोष्टीला किंमत लावता येत नाही तिच्या जागी किंमत लावता येईल अशी वस्तू उभी करणे, हा बाजाराचा जुना धंदा आहे. (जाता जाता एक सांगावयास हवे. काही जातींचे शंख-शिंपले आणि प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरच्या टपरीत जे उघड्यावर विकले जाते ते सारेच घरी आणण्याजोगे असते असे नव्हे.)

मग तिकडे मिळाले होते ते काय? निळा रंग खास नव्हे. कोल्हापूरच्या आकाशालाही तो आहे. मिळाला होता तो वेळ. सकाळी भोंगा नाही, वरिष्ठाचा दूरध्वनी नाही, गिऱ्हाईक नाही. मिळाली होती ती कोणाच्याही परवानगीवाचून बसता येईल अशी मैलभर मोकळी जागा, जिथे लखपतीच्या पोराला आणि हमालाच्या पोराला एकच लाट भिजविते. आणि घरातल्या बाईला मिळाली होती ती बंद चूल. वेळ, जागा आणि बाईची विश्रांती यांपैकी एकही गोष्ट बरणीत भरता येत नाही. त्या कायद्याने, नगरपालिकेने आणि घरातल्या वाटणीने मिळतात किंवा नाकारल्या जातात. समुद्र घरी आणण्याचा प्रश्न म्हणून सजावटीचा नसून राजकारणाचा आहे.

कोल्हापूरला एके काळी स्वतःचा समुद्र होता, ही गोष्ट आता कोल्हापूरकरांच्याही ध्यानात राहिलेली नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ साली पायाभरणी केलेला मालवणचा सिंधुदुर्ग पुढे करवीर राज्याकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला, पण पुढच्याच वर्षी परत केला. शेवटी १८१२ च्या तहाने तो मालवणसह कायमचा इंग्रजांकडे गेला आणि करवीरचे राज्य घाटमाथ्याच्या वरचे झाले. त्यानंतर समुद्र हे कोल्हापूरच्या सामान्य माणसाला जायचे ठिकाण राहिले ते यात्रेपुरते. महाशिवरात्रीस कुणकेश्वराला जाणे, समुद्रस्नान करणे, वाळूत भाकरी सोडणे, हीच त्याची सागरी सहल होती. राजेरजवाड्यांना आणि गोऱ्या साहेबांना हवापालटासाठी पन्हाळा व महाबळेश्वर होते. शेतकऱ्याला, कारागिराला जत्रा होती. चैत्रात जोतिबाचा डोंगर चढणारा माणूस भक्तीसाठी जात होता हे खरेच. पण वर्षातून दोन-चार दिवस औत सोडून, बायकापोरांसह, कोणाचाही चाकर न राहता मोकळे हिंडण्याचा त्याला असलेला तो एकमेव मान्य परवाना होता, हेही तितकेच खरे. देवाच्या नावाने घेतलेली सुट्टी मालकाला नाकारता येत नसे.

कामगाराची सुट्टी देवाच्या नावाने मिळाली नाही, ती भांडून मिळवावी लागली. सत्यशोधक परंपरेतून आलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केले, आणि अनेक वर्षांच्या अर्ज-विनंत्या व सभांनंतर १० जून १८९० पासून आठवड्याची रविवारची सुट्टी पदरात पडली. त्याआधी गिरणीतला माणूस महिनेच्या महिने सलग राबत होता. पगारी वार्षिक रजेची गोष्ट त्याहून पुष्कळ उशिराची. फ्रान्समध्ये १९३६ साली समाजवादी नेते लेआँ ब्लुम यांचे लोकआघाडी सरकार आले आणि देशभर कामगारांनी कारखाने व्यापले. त्या संघर्षातून चाळीस तासांचा आठवडा आणि वर्षाला दोन आठवडे पगारी रजा यांचे कायदे झाले. तथापि रजा दिली म्हणजे समुद्र दिला असे होत नाही, तिकिटाचे काय? त्या सरकारात क्रीडा व फुरसत यांचा कारभार पाहणारे तरुण मंत्री लेओ लाग्रांज यांनी रेल्वेकडून सुट्टीच्या प्रवासासाठी चाळीस टक्के सवलतीचे तिकीट मिळविले. त्या उन्हाळ्यात लाखो फ्रेंच कामगार कुटुंबे घराबाहेर पडली आणि त्यांतल्या पुष्कळांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आपल्या किनाऱ्यावर हे कोण लोक आले म्हणून तिथल्या उच्चभ्रू वर्गाने नाकेही मुरडली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एक वर्ष नोकरी झालेल्या कामगारास किमान सहा दिवसांची पगारी रजा असावी, असा ठराव केला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. राज्यघटनेच्या त्रेचाळिसाव्या अनुच्छेदात तर निर्वाहवेतनाच्या जोडीला फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. घटनाकारांनी ‘फुरसत’ हा शब्द घटनेत घातला, याचे महत्त्व आपल्या चळवळीने पुरेसे ओळखलेले नाही. वेतनासाठी मोर्चे निघाले, बोनससाठी निघाले, महागाई भत्त्यासाठी तर असंख्य निघाले. फुरसतीसाठी निघालेला मोर्चा सहसा आठवत नाही. याला एक कारण आपल्या वृत्तीतच आहे. सुट्टी ही चैन आहे, कार्यकर्त्याला सुट्टी नसते, असे आपण अभिमानाने सांगत आलो. मार्क्सचे जावई पॉल लाफार्ग यांनी १८८० मध्ये आळसाच्या हक्काची बाजू मांडणारी पुस्तिका लिहिली, तेव्हा कामाची पूजा करणाऱ्या कामगारांवरच त्यांनी कोरडे ओढले होते. त्यांतली अतिशयोक्ती सोडून दिली तरी मुद्दा उरतोच. श्रमाची प्रतिष्ठा सांगणाऱ्याने विश्रांतीची प्रतिष्ठाही सांगावयास हवी. एरवी श्रमप्रतिष्ठेचे व्याख्यान मालकाच्याच उपयोगी पडते.

आजची स्थिती काय आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा व कार्यस्थितीविषयीच्या संहितेत रजेसाठी लागणारी कामाच्या दिवसांची अट २४० वरून १८० वर आली. हे चांगले झाले आणि चांगल्याला चांगले म्हणावयास हरकत नाही. परंतु त्याच्या अडीच महिने आधी, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दैनिक मर्यादेत नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि दुकानांतील मर्यादेत नऊवरून दहा तासांपर्यंत वाढ करण्यास मान्यता दिली. दुकानांविषयीचा कायदा पूर्वी दहा कामगारांपासून पुढे लागू होता, ती मर्यादाही वीसवर नेण्याचे ठरले. आठवड्याची एकूण मर्यादा कायम आहे, जादा कामाला कामगाराची संमती लागेल, दुप्पट मोबदला मिळेल, असे यावर सांगण्यात येते. कागदावर हे ठीक आहे. ज्याच्या नोकरीची शाश्वती नाही त्याची संमती कशी मिळते, हे उद्यमनगरातल्या कोणत्याही शेडमध्ये जाऊन विचारावे. कोल्हापूरची ख्याती ओतकामाची, यंत्राच्या सुट्या भागांची, चांदीकामाची, चपलांची. यांतला मोठा भाग पाच-सात माणसांच्या लहान जागांतून चालतो, जिथे रजेचा कायदा उंबऱ्याच्या आतच येत नाही. शेजारच्या इचलकरंजीत यंत्रमागावरची बारा तासांची पाळी ही मंत्रिमंडळाच्या ठरावाची वाट पाहत थांबलेली नव्हती. ती वर्षानुवर्षे तशीच चालू आहे. बारा तास मागापाशी उभा राहिलेला माणूस घरी येतो तेव्हा त्याच्या भिंतीचा रंग निळा असला काय आणि पिवळा असला काय!

हा झाला वेळेचा हिशेब. वेळ मिळाला तरी जाण्याची सोय लागते. कोल्हापूरची रेल्वे १८९१ साली मिरजेहून आली आणि येथेच थांबली, ती आजतागायत पुढे गेलेली नाही. वैभववाडीपर्यंत तिला न्यावी, म्हणजे कोकण रेल्वेशी व पर्यायाने समुद्राशी जोड मिळेल, ही मागणी जुनी आहे. मार्ग मात्र कागदावरच आहे. कोकण रेल्वेचा पाठपुरावा करणाऱ्या मधू दंडवते यांचे नाव या संदर्भात निघणे अपरिहार्य आहे. राजापूर मतदारसंघाचे हे खासदार १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी फोमच्या गाद्या बसविण्यास आरंभ केला. समाजवाद म्हणजे काय, यावर त्या काळात झालेल्या चर्चासत्रांपैकी एकही आज कोणास आठवत नसेल, पण त्या दोन इंच जाडीच्या गादीवर पाठ टेकलेली माणसे देशभर आहेत. सामान्य माणसाचा प्रवासही सुखाचा असू शकतो, हे तिने कोणतेही भाषण न करता सांगितले.

अलीकडच्या काळात याच जातीची गोष्ट घडली ती एसटीत. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना एसटीचे तिकीट अर्ध्या दरात मिळू लागले. त्याआधी २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना प्रवास मोफत झाला होता. या सवलतींमागे मतांचा विचार नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तथापि हेतूवरून परिणामाची किंमत ठरत नाही. गावोगावच्या बचतगटांतल्या बायका, भजनी मंडळातल्या बायका, शेजारणी-शेजारणी आता गट करून बाहेर पडू लागल्या आहेत. गणपतीपुळ्याला देवदर्शन हे निमित्त असते. दर्शन पंधरा मिनिटांत आटोपते आणि उरलेला दिवस लुगड्याचा काठ भिजवीत समुद्रात जातो. जत्रेचा जुना परवाना इथे पुन्हा उपयोगी पडलेला दिसतो. तोट्यातल्या महामंडळाला हे परवडते का, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या नावाने विचारला जातो. तो विचारावयास हवा. पण सरकारी व मोठ्या खासगी नोकरांच्या कुटुंबांना रजाप्रवासाची सवलत वर्षानुवर्षे मिळत आली, तिच्याविषयी तो इतक्या तळमळीने विचारला जात नाही, याचीही नोंद असावी.

आता त्या बंद चुलीकडे वळावयास हवे, कारण समुद्राच्या साऱ्या गोष्टींत ती सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे बिनमोबदल्याच्या घरकामात जातात, असे तीत आढळले. पुरुषांपैकी मुळात चौथाईच्या आसपासच घरकामाला हात लावतात, आणि जे लावतात त्यांचा वेळ ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ वर आला. पाच वर्षांत दहा मिनिटांची सुधारणा! या गतीने स्त्री-पुरुष समानतेला किती काळ लागेल याचे त्रैराशिक वाचकांनीच मांडावे.

ही पाच तासांची पाळी आठवड्यात सातही दिवस चालते. तिला लोखंडे भेटले नाहीत, १९४८ चा कायदा भेटला नाही, आणि पंचवीसची संहिताही भेटणार नाही. दिवाळी म्हणजे घरच्यांना सुट्टी आणि तिला फराळाची जादा पाळी. अशा बाईला तारकर्लीच्या अंगणात कोणी आयता चहा आणून दिला आणि ‘जेवायला काय करू?’ हा प्रश्न दोन दिवस तिच्या डोक्यात उगवला नाही, तर तिच्या लेखी समुद्र तो हाच. लाटा हा वरचा मोबदला. सहलीहून परतताना गाडी घाट चढू लागते तेव्हा पुरुष उद्याच्या कामाचे फोन करू लागतात आणि बाईच्या मनात घरी भिजत न घातलेल्या कडधान्यापासून हिशेब सुरू होतो. समुद्राची हवा घरी आणावयाची तर पहिला प्रयोग तिथेच करावयास हवा. त्याला एक पैचाही खर्च नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाकघर तिच्याशिवाय चालावे. कोल्हापुरी पुरुषाला मटणाचा रस्सा करण्याचा मोठा अभिमान असतो; वर्षातून चार वेळा रानातल्या पार्टीत मोठ्या पातेल्याशी तो बल्लवाचार्य होतो. मग मंगळवारची आमटी-भाकरी त्याच्या आवाक्याबाहेरची का असावी?

आणि इथे पक्षाच्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या घरातही डोकावून पाहावे. चळवळीला आयुष्य वाहून घेतलेल्या, सुट्टी न घेतलेल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या गौरवपर लेखांत ‘त्यांच्या पत्नीची मोलाची साथ’ असे एक वाक्य शेवटी येत असते. त्या एका वाक्यात किती हजार संध्याकाळी असतात, अवेळी आलेल्या किती माणसांची ताटे असतात, याची मोजणी कोणत्याही पाहणीने केलेली नाही.

परंतु चुलीचा हिशेब एवढ्याने पुरा होत नाही. कोल्हापूरच्या बाईची चूल बंद राहते तेव्हा देवबागेत एक चूल जास्त वेळ पेटलेली असते. कोकणात ‘न्याहारी व निवास’ पद्धतीची घरे झाली. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यानंतर ती वाढत गेली. हा मार्ग मोठ्या हॉटेलांपेक्षा नक्कीच बरा आहे, कारण पैसा घरातच राहतो आणि मुंबईला गेलेला मुलगा कधी कधी परतही येतो. मात्र त्या घरांत पहाटे घावणे घालणारी, दुपारी दहा माणसांसाठी मासे साफ करणारी, वडे-सागोतीची फर्माईश पुरी करणारी आणि रात्री अंथरुणे घालणारी बाई ही बहुधा त्या घरचीच सून असते. हंगामात तिला रविवार नसतो, उलट रविवारीच जास्त काम असते. पैसे आले तर ते कोणाच्या खात्यात जातात, हा पुढचा प्रश्न. पाहुणा तिला ‘वहिनी’ म्हणतो, तिच्या हाताची चव वाखाणतो, आणि भाडे दोनशे रुपयांनी कमी करावयास लावतो. एका बाईची विश्रांती दुसरीच्या श्रमांवर उभी आहे. म्हणून पहिलीने जाऊ नये, असे नव्हे. दुसरीचा दर रास्त असावा, त्यात घासाघीस नसावी, आणि तिचाही हंगाम संपल्यावर तिला कुठे तरी पाय पसरून बसता यावे.

ज्या वाळूवर आपण फुरसत शोधतो ती वाळूच कोणाची तरी कामाची जागा आहे, हेही पर्यटकाच्या लक्षात येत नाही. मालवणकडचे रापणकर पहाटे किनाऱ्यावरून जाळे ओढतात. पंचवीस-तीस माणसे दोन्ही दोरांना लागतात. त्यांची होडी, जाळी, मासे वाळविण्याची मोकळी पुळण यांना सातबाऱ्यावर फारशी जागा नसते. वहिवाट हाच त्यांचा दाखला. १९९१ च्या किनारपट्टी अधिसूचनेने भरतीरेषेपासून ग्रामीण भागात दोनशे मीटरपर्यंत बांधकामाला आळा घातला होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांपुरते हे अंतर पन्नास मीटरवर आणले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात सांगितले की समुद्रकिनारे, वाहते पाणी, जंगले ही जनतेच्या वतीने सरकारकडे असलेली ठेव आहे. सरकार तिचे मालक नव्हे, विश्वस्त आहे. विश्वस्त ठेवीचे तुकडे कसे पाडतो यावर लक्ष ठेवणे हे ठेवीदारांचे काम. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तोही किनाऱ्यावर लोकांचा काय हक्क आहे याच प्रश्नावर. त्या वेळी शिरोड्याच्या शाळेत शिकविणारे वि. स. खांडेकर १९३८ मध्ये कोल्हापुरास आले आणि येथलेच झाले. शिरोडे व कोल्हापूर यांच्यातले नाते निव्वळ सहलीचे नाही.

आता राहिली जागा. वेळ मिळाला, चूलही काही काळ थांबली, तर माणसाने जायचे कोठे? याचे उत्तर कोल्हापूरने फार पूर्वी शोधून ठेवले आहे आणि त्याला नावही समुद्राचेच दिले आहे: रंकाळा चौपाटी. सह्याद्रीच्या अलीकडच्या या शहराने तळ्याच्या काठाला चौपाटी म्हणावे, यात गंमत आहे आणि अर्थही आहे. समुद्र घरी आणण्याचा सर्वांत यशस्वी प्रयोग हाच म्हणावा लागेल, आणि तो कोणा एकाच्या दिवाणखान्यात झालेला नसून साऱ्या गावाने मिळून केलेला आहे. संध्याकाळी पश्चिमेकडचे ऊन पाण्यावर उतरते, संध्यामठाचे दगड काळे पडत जातात, भेळेच्या गाड्यांवर कंदील जाऊन विजेचे दिवे आले तरी चिंचेच्या पाण्याचा वास तोच राहतो. पलीकडे शालिनी पॅलेस आहे. राजघराण्याने १९३० च्या दशकात तो बांधला तेव्हा या पाण्याच्या देखाव्यावर एका वर्गाचा हक्क अधिक होता. आज कठड्यावर बसलेल्या कोणालाही तोच सूर्यास्त दिसतो, तिकीट न काढता.

पण या प्रयोगाची आपण काय दशा केली! नाल्यांतून सांडपाणी तळ्यात येत राहिले. कधी जलपर्णीने पाणी दिसेनासे झाले, कधी ते इतके हिरवे पडले की फिरायला जाणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. तळे स्वच्छ करण्याच्या योजना आल्या, निधी आले, उद्घाटने झाली. नाला मात्र आपल्या वाटेने येत राहिला. रंकाळा निदान उरला आहे. वरुणतीर्थ बुजले, त्याचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम आले, कपिलतीर्थावर मंडई बसली. मैदान, स्टेडियम आणि मंडई याही लोकांच्याच जागा आहेत, तेव्हा यात निव्वळ नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. फुटबॉलवेडे कोल्हापूर तर स्टेडियमच्या बदल्यात तळे पुन्हा मागणार नाही! परंतु तळी संपली, आणि त्यांच्यानंतर मोकळ्या राहिलेल्या जागांवर ज्यांची नजर आहे ते लोक मैदाने बांधण्यासाठी नजर ठेवून नाहीत. शहरातली मोकळी जागा दर वर्षी थोडी थोडी आक्रसते. ज्याच्याकडे मोटार आहे तो घाट उतरून समुद्राकडे जातो आणि ज्याच्याकडे नाही तो खोलीत बसतो. मध्यमवर्गाला दरमहा समुद्राकडे पळावेसे वाटते, याचे अर्धे कारण समुद्र नसून शहर आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ येथे निवडून आलेले सभागृह नव्हते. प्रशासकांच्या सहीने कारभार चालला. त्या काळात कोणाला जाब विचारावयाचा, हेच लोकांना कळेनासे झाले होते. आता जाब विचारण्याची सवय पुन्हा लावावयास हवी, आणि प्रभागसभांत पाणी, गटार, घरफाळा यांच्या जोडीने संध्याकाळचाही प्रश्न मांडावयास हवा. रंकाळ्यात येणारा प्रत्येक नाला कोठे अडविला आणि कोठे अडविलेला नाही, याचा नकाशा नागरिकांपुढे यावा. काठावर बायकांसाठी स्वच्छतागृहे असावीत आणि ती उघडी असावीत. कुलूप लावलेले स्वच्छतागृह कोल्हापूरला नवे नाही. कणीस भाजणारी बाई आणि भेळेचा गाडीवाला यांना अतिक्रमण म्हणून हुसकावून त्या जागी भाड्याचे गाळे काढण्याचा मोह कोणास होऊ नये, कारण चौपाटी त्यांनीच वसविलेली आहे.

आणि केएमटीचे वेळापत्रक पाहावे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतली पाळी सुटल्यावर तिथला कामगार घरी जाऊन, हातपाय धुऊन, बायकापोरांना घेऊन रंकाळ्यावर येऊ म्हणेल, तर त्याला येताना बस आहे काय, आणि रात्री साडेनऊला झोपी गेलेले पोर खांद्यावर टाकून परत जाताना आहे काय? त्या वसाहतींतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी एक आठवडाभर थांब्यावर उभे राहून गाड्यांच्या वेळा टिपाव्यात आणि तो कागद परिवहन समितीपुढे ठेवावा.